मदत हवी आहे: हिशेब करताना आईचं दुःख कमी का होतं?

नमस्कार मंडळी, आम्ही देवगडजवळचे. बाबा गेल्यापासून आई फार खचलीय, पण एक गोष्ट सारखी दिसते, आंब्याचा हिशेब करायला बसली की, पाच डझनी पेट्या किती, वाशीला किती गेल्या, भाडं किती कापलं, तेवढा वेळ ती एकदम नॉर्मल असते, आणि आमसुलं वाळत घालताना, फणसाचे गरे काढताना, म्हणजे हात चालतात पण डोकं मोकळं असतं तेव्हा मात्र डोळे भरून येतात.

वाचलं की वर्किंग मेमरीत, म्हणजे आत्ता जे डोक्यात धरून काम करतो त्यात, जागा थोडीच असते, ती आकडेमोडीत गुंतली की भावनेला कमी उरते. २००९ मध्ये मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना त्रासदायक फिल्म दाखवून नंतर टेट्रिस (ठोकळे जुळवायचा व्हिडिओ गेम) खेळायला दिलं, तर त्यांना ती दृश्यं नंतर नकळत, आपोआप कमी आठवली. पण ते ताज्या आठवणींचं झालं, दुःखाचं तसंच असतं का?

यानं खरंच बरं वाटतं की दुःख नुसतं पुढे ढकललं जातं? रडूही द्यायला हवं ना तिला? सीझन संपला की हिशेबही संपणार, मग पावसाळ्यात काय द्यावं, नवे अभंग पाठ करणं चालेल? कणकवली-रत्नागिरीकडे चांगले काउन्सेलर माहीत असतील तर प्लीज सांगा.