उन्हाळ्यात बाग नुस्ती जगवायची का? सोलापूरकरांनो, जरा सांगा

गच्चीवरची_जास्वंद (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. गच्चीवर साठेक कुंड्या आहेत, जास्वंद, मोगरा, गुलाब, कडीपत्ता, लिंबू, दोन दोडक्याचे वेल, बाकी किरकोळ. प्रश्न जरा वेगळाय. झाडं कशी जगवायची हे विचारत नाहीये, त्याचे व्हिडिओ ढिगानं पडलेत. मला विचारायचंय की उन्हाळ्यात बागेची मजा कशी घ्यायची?

कारण आता कशाचा काही नेमच राहिला नाही. आधी कसं, एप्रिल-मे म्हणजे 42-43, कधी 44, सावली करा, पाणी घाला आणि रोहिणीची वाट बघा, एवढंच काम. आता दुपारी डोकं फुटेल असं ऊन, चारला काळं आभाळ, मग वावटळ, कुंड्या लोळतात, एकतर गारा तरी पडतात नाहीतर चार थेंब टाकून उकाडा दुप्पट करून ढग कलबुर्गीकडं निघून जातात. 2024 ला उजनी धरण उणे 60 टक्क्यांच्या जवळ गेलेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळातल्या मृतसाठ्यावर आलेलं, तेव्हा भांडी धुतलेलं पाणी झाडांना घालत होतो. आणि लगेच पुढच्या वर्षी 26 मे लाच मान्सून सोलापुरात हजर! त्याच वर्षी सप्टेंबरात सीना नदीला पूर. म्हणजे झाडांनी तरी काय समजायचं?

घरचे म्हणतात एवढा जीव काढतेस, वर जाऊन बसतेस कधी? खरंच बसत नाही. वर गेलं की एकतर पाणी घालायचं नाहीतर पडलेलं उचलायचं. कुणी बसतं का ओ उन्हाळ्यात बागेत? कसं?

विजापूर_रोड

मी बसतो. एसी लावून, खिडकीतून शेजाऱ्यांची बाग बघत. फुकट आहे 😄 सिरियसली सांगू का, जूनपर्यंत सगळं कुणाला तरी देऊन टाका.

पूर्वभागवाली

@विजापूर_रोड दादा तुमचं चालू द्या.

ताई, तुमच्या यादीत अबोली कशी नाही? आमच्या पूर्व भागात या एकदा, तेलुगू घरांत तर कनकांबरम नसलेलं अंगण सापडायचं नाही, आणि ते काय फक्त गजऱ्यासाठी नाही. ऊन लै झालं तर अबोलीला थोडी सावली द्यायची, बाकी ती उन्हाळाभर फुलते, कुरकुर नाही. पण खरी गंमत फुलं गळून गेल्यावर. तुऱ्यात वाळलेली बोंडं राहतात ना, ती कापून टाकू नका, तशीच ठेवा. त्यांच्यावर पाणी पडलं की थोड्या वेळानं टक्क करून फुटतात आणि बी पार पलीकडच्या कुंडीत जाऊन पडतं. वळवाची पहिली सर येऊन गेली की आमचं अख्खं अंगण टकटकायला लागतं, पोरं कान लावून बसलेली असतात. पाऊस नाही आला तर वाटीत पाणी घेऊन एकेक बोंड टाकतात आणि कुणाचं आधी उडतं त्याची पैज. म्हणजे तुम्ही ज्या पावसाला वैतागलाय त्याची आमच्या घरात वाट बघतात.

तसंच रेन लिलीचं. नळाचं कितीही पाणी घाला, नुस्ती पात वाढवते, जणू काय ऐकूच येत नाही. वळीव पडला की तीन-चार दिवसांत कळ्या वर. अवकाळी पडला तरी फुलते, मृगाचा पडला तरी फुलते, तिला कॅलेंडर माहीतच नाही. मे फ्लॉवरचे पण दोन-तीन कांदे लावून ठेवा, थंडीत काहीच दिसत नाही, कुंडी रिकामी समजून कुणीतरी त्यात कोथिंबीर टाकतं, आणि मे महिन्यात एकदम लाल चेंडू वर येतो.

माझं म्हणणं एवढंच की बागेत अशी दोन-चार झाडं पाहिजेतच ज्यांना हे विचित्र हवामान आवडतं. गुलाबाकडं बघत बसाल तर रडायलाच येणार. उन्हाळ्यात गुलाबाचं फूल बारीक येतं, रंग उडालेला, पाकळ्या दुपारपर्यंत करपतात. त्याला सावलीत ठेवा, खत नको, छाटणी नको, आणि दिवाळीपर्यंत त्याच्याकडून काही अपेक्षा नको.

पुण्याचा_माळी

गच्चीवर पिटुनिया आणि कॅलेंडुला लावून बघा, भरगच्च रंग येतो. संध्याकाळी चहा घेऊन बसायला मस्त वाटतं.

पूर्वभागवाली

@पुण्याचा_माळी दादा ती थंडीची झाडं हो. इथं मार्चमध्येच त्यांचं वाळवण होतं. आणि संध्याकाळी चहा घेऊन बसायचं म्हणताय, आमच्याकडं रात्री नऊला पण गच्चीच्या कठड्याला हात लावून बघा.

काळी_माती

जरा लांब लिहितोय, सवयच आहे.

ताईंनी लिहिलंय वर गेलं की पाणी घालणंच होतं. तिथंच तुमचा सगळा वेळ जातोय. आधी एक बघा, दुपारी दोनला जास्वंदीनं माना टाकल्या म्हणजे तिला पाणी पाहिजेच असं नाही. एवढ्या उन्हात पानांतून पाणी उडतं तेवढ्या वेगानं मुळं ओढू शकत नाहीत, माती ओली असली तरी. संध्याकाळी सातला परत बघा, पानं ताठ झाली असतील तर तहान नव्हती. बोट दोन पेरं मातीत घालायचं, आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. माना टाकलेल्या दिसल्या की लोक बादली घेऊन धावतात, त्यात संध्याकाळी वळीव येतो, कुंडीत चिखल होतो, मुळांना हवा मिळत नाही आणि आठवड्यात झाड पिवळं. मग म्हणायचं उन्हानं गेलं. मी बघितलंय ती निम्मी झाडं पाण्यानंच गेलेली असतात.

कुंडीत नुस्ती शेतातली काळी माती भरली असेल तर तो एक वेगळाच ताप. वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेनं फट पडते, पाणी घातलं की सगळं त्या फटीतून खाली, मधला गोळा कोरडाच. शेतकऱ्यांना हे माहितीय, ज्वारीच्या रानात भेगा बुजवायला कोळपं घालतात, एक कोळपणी अर्धं पाणी म्हणतात ते यासाठी. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रानं हेच सगळं किती वर्षं सांगितलंय. आपण कुंडीत खुरप्यानं वरचा दोन बोटं थर मोकळा करायचा आणि त्यावर उसाचं पाचट नाहीतर वाळका पाला अंथरायचा. पाचट आपल्या जिल्ह्यात मागितलं तर कुणीपण पोतंभर देईल, कारखाने एवढे आहेत. एवढं केलं की पाणी घालायचं काम निम्म्यावर येतं. मे महिन्यात माती बदलू नका मात्र, पुढं पाऊस स्थिरावला की वाळू, शेणखत, थोडं कोकोपीट मिसळून बदला.

आता वळवाबद्दल. तुम्ही बोअरचं पाणी घालत असणार, आपल्याकडं ते क्षाराचं. कुंडीच्या बाहेरून पांढरा थर येतो, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे सगळं त्याचंच, अशा मातीत लोह असून पण झाडाला उचलता येत नाही. त्यावर सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे पावसाचं पाणी. एक चांगला वळीव कुंडीतले क्षार धुऊन खाली काढतो, म्हणून तर पावसानंतर चार दिवसांनी झाडं वेगळीच दिसतात. त्यामुळं पाऊस आला की कुंड्या आत ओढायच्या नाहीत, बाहेर सरकवायच्या. खालच्या थाळ्या तेवढ्या काढून ठेवा, नाहीतर क्षार परत तिथंच आणि वर डास. गच्चीच्या पाइपाखाली एक ड्रम ठेवा, पहिलं धुळीचं पाणी जाऊ दे, मग भरून घ्या. एसीचं पाणी पण चांगलं, त्यात क्षार नसतात. आरओचं वाया जाणारं पाणी कुंडीला नको, त्यात तर क्षार अजून जास्त.

विजापूर_रोड

काका एसीचं पाणी म्हणालात, म्हणजे माझा पण बागेला हातभार लागतोय की 😄

सूत_आणि_कुंडी

शेडनेटचं, म्हणजे सावलीच्या जाळीचं, मी सांगतो. ताई तुम्ही ती कायमची ताणून बांधली असणार, सगळे तेच करतात. मग वावटळ आली की नेट शिडासारखी फुगते आणि पाइपासकट उचलते. आमच्या गल्लीत एकाची नेट उडून तारेवर जाऊन बसली होती, अर्धा दिवस लाइट नाही. नेट पडद्यासारखी करा. दोन बाजूंनी जाड तार, नेटला कड्या, अकरा वाजता ओढायची, पाचला सरकवून गोळा करायची आणि बांधून टाकायची. आभाळ भरलं की दोन मिनिटांत गोळा होते. 50 टक्के ऊन अडवणारी घ्या, 75 घातली तर फुलं कमी येतात. आणि सगळ्या गच्चीवर नको, पश्चिमेचं ऊन अडवलं तरी निम्मं काम झालं. मोगरा नेटखाली ठेवूच नका, त्याला ऊन पाहिजे. गारांचा अंदाज असला तर मात्र नेट ओढलेली बरी, गार अडते निदान तिचा जोर तरी मोडतो. काका म्हणतात पाऊस लागू द्या, बरोबर आहे, पण गारा लागू देऊ नका.

कुंड्या लांब लांब मांडू नका. मोठ्या बाहेर, लहान मधे, एकमेकांना चिकटून, खाली विटा. स्लॅबचा चटका खालून लागतो तो वरच्या उन्हापेक्षा वाईट. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांना गोणपाट गुंडाळा. गावाला जायचं असलं तर बादलीत पाणी आणि सुती चिंधीची वात, एक टोक बादलीत तळाला आणि दुसरं कुंडीच्या मातीत खोचलेलं, बादली जरा उंचावर. सूत शुद्ध कॉटनचं पाहिजे, पॉलिस्टरचा धागा पाणी शोषत नाही. सोलापुरात राहून सुती चिंध्या विकत घ्याव्या लागल्या तर मग काय बोलायचं.

गच्चीवरची_जास्वंद (जुळे सोलापूर)

बापरे एवढं सगळं! आभारी आहे सगळ्यांची. नेट कायमची बांधलेली आहे हे कसं ओळखलंत ओ 😅 पडद्याची आयडिया भारीये, मिस्टरांना वाचून दाखवली, ते लगेच तार शोधायला लागलेत.

पण परत विचारते, बसायचं कधी? सकाळी डबे, दुपारी शक्यच नाही, संध्याकाळी ढग.

रातराणी_वाली (होटगी रोड)

रात्री बसा की! एवढा साधा विषय. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाग दुपारची नसतेच, ती एकतर सकाळी सातच्या आतली नाहीतर रात्री दहानंतरची. त्या हिशेबानं झाडं मांडा. लाल-जांभळी फुलं रात्री दिसत नाहीत, पांढरी दिसतात आणि वास पण त्यांनाच. मोगरा, तगर, अनंत, निशिगंध, हे सगळं जिथं खाट टाकता तिथं जवळ. रातराणी मात्र लांबच्या कोपऱ्यात, जवळ असली की डोकं चढतं, माझं तरी चढतं. आम्ही रात्री जेवणच वर नेतो, कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, कांदा, गॅससमोर उभं राहायला नको आणि ताटं खाली नेईपर्यंत वारं सुटलेलं असतं. अंधारात पाणी घालायला कुणी सांगत नाही, पिवळं पान दिसत नाही, त्यामुळं माणूस खरंच बसतो.

मोगऱ्याचं एक. संध्याकाळी आभाळ आलं की टपोऱ्या कळ्या तोडून घ्या, झाडावर ठेवल्या तर पाऊस लागून तांबूस होऊन गळतात. ओल्या फडक्यात ठेवा, रात्री घरातच उमलतात, चार कळ्या पिण्याच्या माठात. बहर संपला की फांद्यांचे शेंडे दोन-दोन पानं खुडून टाका, थोडं शेणखत, पुढच्या महिन्यात परत कळ्या.

आणि हो, वीज. वळवाच्या ढगात विजा जास्त, गच्चीवर आपण सगळ्यात उंच आणि हातात लोखंडी झारी. फोनवर दामिनी अॅप टाका, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं आहे, आपल्या आसपास वीज पडायची शक्यता असली तर दाखवतं. गडगडायला लागलं की कुंडी पडू दे नाहीतर फुटू दे, खाली यायचं. नेट गोळा करायला सुद्धा वर जायचं नाही तेव्हा.

काळी_माती

विजेचं अगदी बरोबर. आणि पावसाचा अंदाज विचारू नका कुणाला. बहावा फुलल्यावर 45 दिवसांनी पाऊस म्हणणारे पण आहेत, वळवाला ते लागू नाही. दिवसभर जमीन तापते, समुद्राकडून आलेली दमट हवा वर जाते, दुपारनंतर ढग उभा राहतो आणि दोन किलोमीटरवर पडतो, तुमच्याकडं नुस्तं वारं. ढगांत नेमकं काय चालतं हे बघायला तर 2018-19 ला सोलापुरातून विमानं उडवून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले होते. तिथं आपण काय सांगणार. कुंडीत बोट घाला, तेवढं कळतं.

एक राहिलं, पावसानंतर लगेच दोन-चार दिवस कडक ऊन पडलं की पानांखाली बघत जा. कोरड्या उन्हात लाल कोळी ही बारीक कीड, दमट हवेत भुरी म्हणजे पांढरी बुरशी, दोन्ही आळीपाळीनं येतात आता. कोळ्याला पानांच्या खालून पाण्याचा जोरात फवारा पुरतो. निंबोळी तेल मारायचं तर ऊन उतरल्यावरच, भर उन्हात मारलं की पानं भाजतात.

विजापूर_रोड

बरं, एक विचारायचं होतं. बाल्कनी चार बाय सहाची आहे, पश्चिमेला तोंड. तिथं एक मोगरा होईल का? घरात जुनी बादली पडलीय, तिच्यात लावला तर?

रातराणी_वाली (होटगी रोड)

होईल की. मदनबाण जातीचा मोगरा लावा. आधी बादलीला खालून भोकं पाडा.