'क्लास सापडला नाही' : सर्व्हलेटवाल्यांनो, आपापले किस्से टाका

दर्यापूरकर :
काल पुतण्यानं त्याच्या सर्व्हलेटच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या जावा प्रोग्रामच्या) एररचा, स्क्रीनचा फोटो धाडला. "काका, क्लास त फोल्डरात दिसते, तरी टॉमकॅट नाहीच म्हणते!" टॉमकॅट म्हणजे सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर, अन् क्लास म्हणजे कंपाइल झालेली जावा फाइल. एररचं ते लाल रामायण पाहून कॉलेजची लॅब आठवली. खाली 'रूट कॉज'पर्यंत (मूळ कारणापर्यंत) वाचलं, त पोराचा क्लास हरवलाच नव्हता. टॉमकॅटले सापडत नव्हता तो 'जावाएक्स.सर्व्हलेट' पॅकेजमधला एचटीटीपीसर्व्हलेट हा तयार क्लास. पुस्तक जुनं, उतरवलेला टॉमकॅट १०, अन् त्यात नाव झालं 'जकार्ता.सर्व्हलेट'. बिल्ड पाथले (कंपाइल करताना लायब्ररी शोधाच्या यादीत) जुनी जार (क्लासांची गठडी) होती म्हणून कंपाइल बिनबोभाट झालं. टॉमकॅट ९ टाकाले लावला, चाललं. तुमचंबी येऊ द्या.

रातपाळी :
ऑरेकलनं जावा ईई (जावाचा सर्व्हरवाला भाग, सर्व्हलेट त्यातच) एक्लिप्स फाउंडेशनले देलं, पण 'जावाएक्स' नावानं पुढचं काही काढू देलं नाही. दुकान देलं, पाटी काढून नेली 😂

वरुडची_संत्री :
आमच्या बॅचच्या एकानं वेब-आयएनएफमधी (वेब ॲपच्या ठरलेल्या फोल्डरात) 'क्लासेस'च्या जागी 'क्लास' फोल्डर केलतं. सर आले, चष्मा वर करून पाहून गेले, बोलले काहीच नाही. मंग लाईन गेली. यूपीएस फक्त केबिनले.

धुऱ्यावरचा :
लाईनचं नका काढू बापा. थ्री फेज आताबी आठवडाभर रातचीच. ओलीत करू का सर्व्हर चालू करू?

मास्तरीण :
मी शिकवते, दरवर्षी हेच. मायएसक्यूएल डेटाबेसची जार साध्या प्रोग्रामच्या मेन मेथडमधून चालते, सर्व्हरवर नाही. मग पोरं विंडोजात क्लासपाथ (क्लास कुठे शोधायचे ती यादी) सेट करत बसतात. टॉमकॅट तो बघतच नाही! जार वेब-आयएनएफच्या लिबमध्ये टाका. आणि वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये क्लासचं नाव पॅकेजसकट. कुकर लावलाय, बाकी नंतर.

रातपाळी :
घरी जावा १७, लॅबमधी ८ असंन त वेगळीच एरर येते ताई. ६१.० (जावा १७) अन् ५२.० (जावा ८) असे क्लास फाइलच्या आवृत्तीचे आकडे दिसते. तिथं क्लास शोधत बसू नये.

मास्तरीण :
हो, तेही रोजचंच 🙏

पऱ्हाटी :
दर्यापूरकर भाऊ, ९ कायले? १० मधीच 'वेबॲप्स-जावाईई' फोल्डर करा, वॉर (पूर्ण ॲपची एक फाइल) त्यात टाका. जुनी नावं तोच बदलून घेते.

दर्यापूरकर :
वा! सांगतो पोट्ट्याले.

धुऱ्यावरचा :
विषय सोडून इचारतो, तिकडं पाणी आलं का? आमचं सोयाबीन पिवळं पडून राह्यलं.

दर्यापूरकर :
शिडकावा झाला फक्त.

पऱ्हाटी :
पान उलटं करून पाहा, पांढरी माशी असंन त मोझॅक (त्या माशीनं पसरणारा पिवळा रोग) असू शकते. फोटो टाका.