शब्दचर्चा: आगोटीचा पाऊस, वळवाचा पाऊस आणि हिब्रू ‘मल्कोश’

प्रश्न

मराठी बायबलात ‘अनुवाद’ या पुस्तकातलं वचन ११:१४ वाचताना अडखळले. देव इस्राएली लोकांना सांगतो की माझं ऐकलंत तर तुमच्या भूमीवर आगोटीचा आणि वळवाचा पाऊस वेळच्या वेळी पाडीन, मग धान्य, द्राक्षारस आणि तेल घरात येईल.

आमची जमीन मंगळवेढ्याकडची. काळी, जिरायत. आमच्याकडे वळीव कुणी देवाकडे मागत नाही. शाळू काढलेला असतो, कणसं खळ्यावर पडलेली असतात, दुपारनंतर आभाळ भरून येतं आणि ताडपत्री ओढेपर्यंत धार लागते. भिजलेली ज्वारी काळी पडते, कडबा कुजतो. असा पाऊस वरदान कसा? मूळ हिब्रूत कोणते शब्द आहेत?

प्रतिसाद

ताई, मूळ शब्द ‘योरे’ आणि ‘मल्कोश’.

इस्राएलात मे ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नसतोच. उन्हाने जमीन इतकी कडक होते की नांगर शिरत नाही. ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात जो पाऊस ती भिजवतो तो योरे. त्यानंतर नांगरट, मग गहू-सातूची पेरणी. आणि मार्च-एप्रिलमध्ये, ओंब्या भरत असताना, पाऊसकाळ सरता सरता जो पडतो तो मल्कोश. आपल्या हिशेबाने त्यांचं सगळं धान्य रब्बीच, फक्त पावसाळा हिवाळ्यात.

मल्कोशची मुळाक्षरं ल-क-श. त्याच मुळापासून ‘लेकेश’, म्हणजे उशिराची उगवण. बायबलातल्याच आमोस या पुस्तकात, ७:१ मध्ये, राजासाठी गवत कापून झाल्यावर जे पुन्हा उगवतं, त्याला हा शब्द आहे. इस्राएलातल्या गेझेर या प्राचीन गावाच्या जागी १९०८ साली उत्खननात चुनखडीची एक लहानशी पाटी सापडली, इ.स.पू. १०व्या शतकातली. तीवर वर्ष मोजलंय ते शेतीच्या कामांनी: दोन महिने पीक गोळा करायचे, दोन पेरणीचे, दोन लेकेशचे, एक अळशी तोडायचा, एक सातू कापायचा, असं पुढे. आपल्याकडे मृग, आर्द्रा, हस्त म्हणत पाऊस मोजतात. तिथे महिन्याला कामाचंच नाव.

आता भाषांतराबद्दल. महिना धरला तर ‘वळीव’ बसतो, काम धरलं तर उलटा पडतो. मल्कोशने दाणा भरतो, वळवाने भरलेला दाणा नासतो. ‘आगोटी’चं याच्या बरोबर उलट झालंय. कोरड्या उन्हाळ्यानंतर जमीन उघडणारा पाऊस हे काम अगदी जुळतं, पण आपली आगोट जूनमधली.

तुमचा खळ्यावरचा वळीवही त्या ग्रंथात आहे, पण दुसरीकडे. १ शमुवेल १२:१७ काढून पाहा. गव्हाची कापणी चालू आहे, आणि संदेष्टा शमुवेल देवाकडे गडगडाट आणि पाऊस मागतो. लोकांनी राजा मागितला ही चूक झाली, हे त्यांना कळावं म्हणून. पाऊस येतो आणि लोक घाबरून जातात. कापणीतला पाऊस म्हणजे काय, ते मंगळवेढ्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

प्रतिसाद

मी रायगडच्या किनाऱ्यावरचा. ‘आगोट’ म्हणजे आमच्याकडे नुसता पाऊस नाही. आगोटीच्या आधी सुकी मासळी, तांदूळ, लाकूडफाटा भरून ठेवायचा, घर शाकारून घ्यायचं, होड्या वर ओढायच्या. त्यामुळे हे वचन वाचताना मला क्रमच वेगळा वाटतो. तिथे पाऊस आधी आणि भरलेलं घर नंतर. आम्ही घर भरून मग पावसाची वाट पाहतो.

याच किनाऱ्यावर बेने इस्राएल हे यहुदी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. बाकी हिब्रू विसरली तरी ‘शमा’, म्हणजे यहुद्यांची रोजची मुख्य प्रार्थना, त्यांनी सोडला नाही, असं त्यांची परंपरा सांगते. पूर्ण शमाच्या दुसऱ्या भागात हेच वचन येतं, अनुवाद ११:१३ ते २१. ‘योरे उमल्कोश’ हे शब्द यहुदी माणूस सकाळ-संध्याकाळ म्हणतो, त्याला स्वतःचं शेत असो वा नसो. मला हे फार मोलाचं वाटतं.

प्रतिसाद

या वचनाच्या आधीच्या ओळींबद्दलही बोलायला हवं, कारण खरा अर्थ तिथे आहे. ११:१० मध्ये म्हटलंय, मिसरात (इजिप्तमध्ये) तू बी पेरायचास आणि भाजीच्या मळ्यासारखं पायाने पाणी द्यायचास. ‘पायाने पाणी’ वाचून अनेकजण थांबतात. ज्याने दारं धरलीत त्याला थांबावं लागणार नाही. वाफा भरला की पायानेच चिखल लोटून दारं बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. बरेच अभ्यासक हाच अर्थ लावतात. पुढच्याच ओळीत सांगितलंय की तुम्ही जिथे जाताय तो देश डोंगरदऱ्यांचा आहे आणि आकाशातून पडणारं पाणी पितो.

संस्कृतात यासाठी नेमकी जोडी आहे: नदीमातृक आणि देवमातृक. अमरकोशात दोन्ही शब्द आहेत. नदीच्या पाण्यावर पिकणारा देश नदीमातृक, पावसावर पिकणारा देवमातृक. मिसर पहिला; कनान, म्हणजे इस्राएली लोक जिथे निघाले होते तो देश, दुसरा.

आणि बाल! कनानी लोकांचा वादळ-पावसाचा देव. त्याला भजू नका म्हणून संदेष्टे शतकानुशतकं सांगत राहिले. तरी पुढच्या काळात मिश्नात, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, पावसावरच्या शेताला ‘बेत हा-बाल’, बालचं घर, असंच नाव सापडतं. अरबीतही कोरडवाहूला ‘बाल’सारखाच शब्द आहे. देवाची पूजा थांबली, शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द राहिला.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मल्कोशला आमच्याकडचा शब्द शोधत होते. आधी स्वाती आठवली, ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’. पण ती ऑक्टोबरअखेरची, शाळू तेव्हा गुडघ्याएवढाही नसतो. दाणा भरतो तो जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर. त्या वेळी पाऊस येतच नाही, मग त्याला नाव कुठून असणार?

सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, “दाणं भरायच्या वक्ताला पाऊस? आम्ही न्हाई बघितला. पण तसा कुठं पडत असंल तर तिथली माणसं देवाचं नाव घेणारच की.”

माझ्या प्रतीत ‘वळवाचा’ शेजारी समासात पेन्सिलीने ‘दाणे भरायचा’ असं लिहून ठेवलंय.