पिंपल्सचे खड्डे: लेझरचं पॅकेज घेऊ का?

चाफेकळी
नमस्कार. वय २७, राहते मालाडला, नोकरी लोअर परळला. कॉलेजपासून पिंपल्स होते, आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी ते गेल्या वर्षी आटोक्यात आले. खड्डे मात्र राहिले, दोन्ही गालांवर. समोरून फारसे कळत नाहीत, पण लोकलमध्ये खिडकीशी बसलं की बाजूच्या उजेडात सगळे उठून दिसतात. घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या बाईंनी मोबाइलवर दोन फोटो काढले आणि सहा सिटिंगचं लेझर पॅकेज सांगितलं, आजच पैसे भरले तर सवलत. डॉक्टर भेटल्याच नाहीत. डिसेंबरात भावाचं लग्न आहे. आई म्हणते, पैसे घालवू नकोस, आपोआप भरून येतील. येतात का?

शेवंती
अगं, पैसे भरू नकोस अजून. (वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अगं म्हणते.) मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, पालिकेच्या हॉस्पिटलच्या ओपीडीत बरीच वर्षं काढली. खड्डे हाताने तपासल्याशिवाय उपचार ठरवताच येत नाही. मी पेशंटला आधी खिडकीशी उभं करते, ट्यूबलाइट बंद, उजेड बाजूने. मग दोन बोटांनी गाल ताणायचा. ताणल्यावर खड्डा सपाट झाला तर तो रोलिंग, तिथे कातडी खालून तंतूंनी खेचून धरलेली असते. ताणूनही कडा उभ्याच राहिल्या तर बॉक्सकार. आणि टाचणी टोचल्यासारखं बारीक, खोल भोक म्हणजे आइसपिक. बहुतेकांच्या गालावर तिन्ही प्रकार एकत्र असतात, म्हणून सरसकट सहा लेझर हे उत्तर मला पटत नाही.

आइसपिक खोल असतात, लेझर तळापर्यंत नीट पोचत नाही. त्याला टीसीए क्रॉस करतात: तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड टूथपिकच्या टोकावर घेऊन नेमकं भोकात टेकवायचं. तेवढाच ठिपका पांढरा होतो, मग खपली धरते आणि साधारण आठवड्याभरात पडते. २००२ साली कोरियातल्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. खर्च कमी, पण हात बसलेला लागतो. ॲसिड कडेला पसरलं तर भोक रुंद होतं. ऑनलाइन बाटली मागवून घरी करणाऱ्या मुली मी पाहिल्यात. कृपा करून तसं करू नकोस.

रोलिंगला सबसिजन, म्हणजे कातडीखाली सुई घालून ते तंतू कापायचे. बॉक्सकारला मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी कातडी टोचणं, किंवा फ्रॅक्शनल लेझर, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी मारलेलं लेझर. फार खोल असेल तर तेवढा भाग पंचने (गोल पात्याच्या छोट्या हत्याराने) काढून टाका घालतात.

आपल्या सावळ्या, गव्हाळ रंगाचं वेगळं सांगायला हवं. कार्बन डायऑक्साइड लेझर जोरात मारलं तर खड्डा थोडा भरतो आणि वर काळा डाग बसतो, तो महिनोन् महिने जात नाही. मायक्रोनीडलिंगमध्ये हा धोका कमी. लेझर करायचंच तर कमी ताकदीवर, अंतर ठेवून, आणि सनस्क्रीन रोज.

आईंना सांग, लाल-काळे डाग काळाने फिके होतात, खड्डे भरत नाहीत. उलट वयाबरोबर कातडी सैल पडली की जास्त दिसतात. पण पूर्ण गुळगुळीत कुणीच करून देत नाही. निम्मा फरक पडला तरी चांगला. तोही हळूहळू, कारण नवं कोलॅजन (कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन) तयार व्हायला तीन ते सहा महिने जातात. लग्नाच्या तोंडावर काहीही नवीन करू नकोस.

कुर्लेकर
माझं सबसिजन झालंय, उजव्या गालाचं. बधीर केल्यावर दुखत नाही, पण सुई आत सरकते तेव्हा तंतू तुटल्याची करकर आपल्याच कानात ऐकू येते. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. नंतर गाल सुजला, काळानिळा पडला; मास्क लावून ऑफिसला गेलो. सोबत मायक्रोनीडलिंग केलं. बाजूने काढलेल्या फोटोत फरक स्पष्ट दिसतो. ताई, पहिल्या दिवशी त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढून ठेवा. रोज आरशात पाहून काही कळत नाही.

चाफेकळी
शेवंतीताई, आरशासमोर गाल ताणून पाहिला. बरेचसे सपाट होतात, नाकाजवळचे बारीक मात्र तसेच. डॉक्टर खरे तज्ज्ञ आहेत हे कसं ओळखायचं?

शेवंती
मग तुझे बरेचसे रोलिंग दिसतायत, म्हणजे सबसिजनबद्दल विचार. नावापुढे त्वचेतली एमडी, डीव्हीडी, डीडीव्हीएल किंवा डीएनबी आहे का बघ, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक माग. नुसतं कॉस्मेटोलॉजिस्ट लिहिलेलं पुरेसं नाही. खर्चाची चिंता असेल तर केईएम, सायन, नायर या तिन्ही ठिकाणी त्वचेची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ. गोळ्या कधी थांबवल्यास ते डॉक्टरांना सांग. आणि एक, जखम भरल्यावर तिथे फुगीर गाठ येते का तुला?

चाफेकळी
हो, कानाच्या वरच्या बाजूला टोचलं होतं तिथे आली होती. अजून थोडी आहे.

शेवंती
हे सगळ्यात आधी सांग, विचारलं नाही तरी सांग. ती केलॉइड, म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढणारा फुगीर व्रण, असू शकते. कान दाखव, घरात कुणाला तसं होतं का तेही सांग. डॉक्टर बहुधा जबड्याच्या कडेला छोट्या जागी करून पाहतील, काही आठवडे थांबतील आणि मगच गालाला हात लावतील. तेवढं थांबायला तयार नसलेल्या क्लिनिकमध्ये जाऊ नकोस.