मदत हवी आहे: वर्गणीतून रात्रगस्त सुरू करायची आहे, रचना कशी असावी?

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये आमची बंगले आणि रो-हाऊसची जुनी वसाहत आहे. गेट नाही, कुंपण नाही, चारही बाजूंनी रस्ता खुला. गेल्या पावसाळ्यापासून दुचाकी चोरीला जातायत, बंद घरं फुटली, संध्याकाळी फिरायला निघालेल्या बायकांच्या गळ्यातली पोत ओढण्याचे प्रकार झाले. लोक धास्तावलेत आणि घरटी महिना पाचशे रुपये द्यायला तयार आहेत. पैसा उभा राहील, पण तो लावायचा कसा यावर गाडी अडली आहे.

पोलीस येत नाहीत असं नाही. कोपऱ्यावरच्या खांबाला गस्तीचा क्यूआर कोड आहे, तो स्कॅन केला की पोलीस येऊन गेल्याची नोंद होते. रात्री गस्तीवरचे पोलीस (बीट मार्शल) येतात, गाडीवरूनच मोबाईलने स्कॅन करतात आणि पुढच्या खांबाकडे निघतात. हद्द इतकी मोठी की कुणाशी दोन शब्द बोलायलाही त्यांना सवड नसते.

बैठकीत बहुतेकांचं मत पडलं की एजन्सीचे रक्षक नेमू आणि त्यांना बाईक देऊ. पण 2005 च्या खाजगी सुरक्षा कायद्यानुसार एजन्सीला परवाना लागतो, आणि रक्षकाने पोलिसांसारखा गणवेश घातला तर तो गुन्हा ठरतो. रस्त्यावरच्या माणसाची झडती घ्यायचा त्याला अधिकार नाही. डोळ्यांदेखत दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा), अजामीनपात्र गुन्हा घडला तर कुणीही नागरिक पकडू शकतो तेवढंच, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे पकडलेल्या माणसालाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं.

मला खरी काळजी वेगळीच आहे. नाल्यापलीकडे वस्ती आहे. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताई, पहाटे दूध-पेपर टाकणारी मुलं तिथलीच. आपल्या पगारावरचा रक्षक अंधारात पहिल्यांदा कुणाला हटकेल? त्या मुलांनाच. चोऱ्या तर वस्तीतही होतात, मोबाईल जातात, सिलिंडर जातात. त्यांना पाचशे झेपणार नाहीत, म्हणून त्यांना गस्तीतून वगळायचं हे मला अजिबात पटत नाही. वर्गणी आमची असली तरी गस्त दोन्हीकडे हवी आणि समितीत वस्तीतल्या बायकाही हव्यात, असं मी बैठकीत मांडलं. त्यावर बराच वाद झाला, निर्णय झाला नाही.

नुसत्या फेऱ्या वाढवून भागेल असंही वाटत नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीत 1972-73 मध्ये काही भागांत गस्तीच्या गाड्या वाढवून आणि काही भागांत बंद करून पाहिल्या, गुन्ह्यांत म्हणावा असा फरक पडला नाही. पुढच्या प्रयोगांत मात्र जिथे गुन्हे वारंवार होतात त्या ठरावीक जागांवर लक्ष दिल्यावर फरक दिसला. आमच्याकडे अशा जागा सगळ्यांना माहीत आहेत, उदाहरणार्थ मेडिकलमागची दिवे गेलेली गल्ली. आणि आपल्याकडे भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, तेव्हा बीटचा, म्हणजे त्या भागासाठी नेमलेला पोलीस आणि मोहल्ल्यातली माणसं एकमेकांना नावानिशी ओळखू लागली. 1992-93 ला मुंबई पेटली तरी भिवंडी शांत राहिली. ते प्रकरण दंगलीचं होतं, चोरीचं नाही, हे कळतं. पण ओळखीचा उपयोग इथेही व्हावा.

आता नेमकी विचारणा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 47 खाली, खर्च भरून जादा पोलीस मागता येतात. सभा-समारंभाच्या बंदोबस्तासाठी नाही, तर वसाहतीच्या नियमित गस्तीसाठी कुणी तसा अर्ज केलाय का? उत्तर काय मिळालं? वर्गणी गोळा करायला रहिवासी संघाची नोंदणी धर्मादाय कार्यालयात केली असेल तर तिथे उद्दिष्टांत सुरक्षेचा उल्लेख कसा केलात? रक्षक एजन्सीकडून घेतलेत की सरकारी सुरक्षा रक्षक मंडळाकडून? त्यांनी कुणाला थांबवायचं, कुणाला नाही, हे करारात लिहून घेतलंय का? आणि शेजारच्या वस्तीला सोबत घेऊन हे कुणी केलं असेल तर तो अनुभव सविस्तर सांगाच.

पुढची बैठक महिनाअखेरीस आहे. ठरावाचा किंवा कराराचा मसुदा असेल तर नावं-पत्ते काढून इथेच टाका, म्हणजे इतरांनाही उपयोगी पडेल.