जुन्या इंग्रजीतील ‘मारणे’ या अर्थाची क्रियापदे वेगळी कशी ओळखावीत?

प्रश्न

मी सध्या जुनी इंग्रजी, म्हणजे नॉर्मन स्वारीपूर्वीची, अकराव्या शतकापर्यंतची इंग्लंडमधील भाषा, शिकत आहे. ‘बेआटन’, ‘स्लेआन’, ‘स्विंगन’ आणि ‘थेर्शन’ या सर्व क्रियापदांपुढे कोशात ‘मारणे, प्रहार करणे’ असाच अर्थ आढळतो. उलट आजच्या ‘स्मायट’ आणि ‘स्ट्राइक’ या शब्दांची जुनी रूपे भलत्याच अर्थाने येतात. ही क्रियापदे एकमेकांच्या जागी चालतात का, की प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे आहे? जाणकारांनी उदाहरणे देऊन सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १

क्षेत्रे निश्चितच वेगळी आहेत. फक्त कोशातील अर्थापेक्षा वाक्यात कोण कशावर आघात करत आहे, हे आधी पाहावे.

‘बेआटन’मध्ये सहसा पुन्हा पुन्हा होणारा आघात असतो. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात आपल्या कुळातील अखेरचा उरलेला माणूस वडिलोपार्जित खजिना जमिनीच्या स्वाधीन करताना शोक करतो की, आता चपळ घोडा वाड्याच्या अंगणात टापा आपटणार नाही. तेथे टापांसाठी हेच क्रियापद आले आहे. ‘सीफेअरर’ या काव्यात वादळे खडकाळ कड्यांवर आदळतात, तेथेही तेच. दोन्ही ठिकाणी मारहाण किंवा शिक्षा यांचा संबंधच नाही. पायांनी तुडवण्याच्या अर्थावरून पुढे पहारेकऱ्याच्या नेहमीच्या फेरीला ‘बीट’ म्हणू लागले असावेत आणि तोच शब्द आपल्याकडे ‘बीट अंमलदार’ या पदनामात रुळला.

‘स्लेआन’ समजून घेणे मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा सोपे जाते, असे माझे मत आहे. आपले ‘मारणे’ जसे चापट मारण्यापासून जिवे मारण्यापर्यंत सगळीकडे चालते, तसेच हे क्रियापद चालत असे, आणि संदर्भ पाहिल्याशिवाय माणूस जखमी झाला की ठार झाला, हे कळत नसे. इतकेच नव्हे, तर आपण तंबू ठोकतो तसे ते लोकही तंबू ‘स्लेआन’ करत, कारण मेखा ठोकल्याशिवाय तो उभा राहत नाही. आजच्या ‘स्ले’मध्ये यातील ठार मारण्याचा अर्थच मुख्यतः टिकला, जर्मन भाषेतील त्याचा भाऊबंद ‘श्लागेन’ मात्र अजूनही साध्या मारण्यासाठी वापरला जातो.

‘स्विंगन’ म्हणजे चाबकाचे किंवा छडीचे फटके देणे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात पिलात येशूला फटके मारवतो, तेथे हेच क्रियापद आहे. एल्फ्रिक या मठवासी शिक्षकाने विद्यार्थ्यांना लॅटिन बोलता यावे म्हणून इ. स. 1000 च्या सुमारास रचलेल्या संवादात गुरू विचारतो की, शिकताना फटके खाण्याची तुमची तयारी आहे का, आणि अज्ञानी राहण्यापेक्षा विद्येसाठी मार खाणे बरे, असे मुले उत्तर देतात. मूळ लॅटिन ओळींवर जी जुनी इंग्रजी लिहिलेली आहे, तिच्यात ‘बेस्विंगन’ हे याच कुळातील रूप आहे. झोके घेण्याचा आजचा अर्थ बराच नंतरचा आहे.

प्रतिसाद २

‘थेर्शन’विषयी थोडी भर घालतो. हे धान्याच्या मळणीचे क्रियापद आहे. ‘र’ची जागा बदलून त्याचे ‘थ्रेश’ झाले आणि त्याचेच दुसरे रूप ‘थ्रॅश’ पुढे माणसाला बदडण्यासाठी वापरात आले. कोकणात भात झोडतात आणि माणसालाही झोडपून काढतात. त्यामुळे हा अर्थविस्तार आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. यापेक्षा महत्त्वाची बाब अशी की, या धातूचा मूळ अर्थ पायांनी तुडवणे असा असावा, असे व्युत्पत्तीचे अभ्यासक मानतात. म्हणजे खळ्यावर पात धरून बैल फिरवण्यासारखी पद्धत आधीची आणि काठीने झोडण्याची नंतरची. अवजार बदलले, तरी क्रियापद मात्र तेच राहिले.

प्रतिसाद ३

प्रश्नातील दुसरा भाग राहून गेला आहे. ‘स्मीटन’चा जुना अर्थ माखणे, डागाळणे असा आहे, तर ‘स्ट्रीकन’चा अर्थ हळुवार हात फिरवणे किंवा पुढे सरकणे, कुरवाळण्यासाठीचा ‘स्ट्रोक’ याच कुळातला. दोघांनाही प्रहाराचा अर्थ पुढील काळात चिकटला. ‘हिट’ तर नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातील, लोकांकडून आलेला असून तेथे त्याचा अर्थ गाठ पडणे, सापडणे असा होता.

वाचताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. ‘बेआटन’चे भूतकाळी रूप ‘बेओट’ असे होते, पण अगदी तसेच दिसणारे एक नामही आहे, ज्याचा अर्थ लढाईपूर्वी वीराने भर सभेत घेतलेली शपथ किंवा मारलेली बढाई असा होतो. ते वचन देण्याच्या क्रियापदापासून बनलेले असून त्याचा मारण्याशी काहीही संबंध नाही. वीरकाव्यात हे नाम वारंवार भेटते, म्हणून ‘बेओट’ दिसताच वाक्यात दुसरे क्रियापद आहे का, हे आधी तपासावे.