पी-१७ वरची अँबॅसिडर

साने (सचिव, ए-१०१): सर्व सभासदांस नमस्कार. वापरात नसलेल्या गाड्यांबद्दल ही तिसरी सूचना. पी-१७ वर ताडपत्रीखाली एक अँबॅसिडर उभी आहे. ती चालू स्थितीत असल्याचे ३१ तारखेपर्यंत दाखवावे, पीयूसी ऑफिसात जमा करावे. अन्यथा जागा वेटिंग लिस्टमधल्या पुढच्या सभासदास देण्यात येईल.

रोहन (सी-७०४): सर, लिस्टमध्ये पहिला नंबर माझाच आहे. नवी एमजी हेक्टर दीड महिना रस्त्यावर लावतोय. परवा कोणीतरी आरसा मोडून गेलं. फाटक काका, राग मानू नका 🙏

रोहन (सी-७०४): आणि एक दुसरा विषय. सोसायटीत आता एमजीच्या चार गाड्या झाल्यात. ओनर्स क्लब काढायचा का? ब्रँड नवीन आहे, परंपरा आपणच सुरू करू.

फाटक काका (बी-२०२): राग कसला, नियम तो नियम. पण नवीन कुठला ब्रँड बाबा? एमजीचा क्लब १९३० सालचा आहे. तुझ्या आजोबांची मुंज व्हायची होती तेव्हा.

रोहन (सी-७०४): काका, कंपनी चिनी आहे ना? आणि गाडी बनते गुजरातमध्ये, हालोलला.

फाटक काका (बी-२०२): मालक चिनी, आता जिंदालांचीही भागीदारी आहे. नाव मात्र ऑक्सफर्डचं. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिसचं गाड्या विकायचं आणि दुरुस्तीचं दुकान. १९२२ मध्ये तिथे सेसिल किंबर मॅनेजर झाला. साध्या मॉरिस गाड्यांवर देखणी, चपळ बॉडी चढवून विकायला त्याने सुरुवात केली. तुझ्या बोनेटवरचा अष्टकोन त्याच काळातला.

मृणाल (बी-५०१): आणि क्लब कंपनीनेच काढला का? मार्केटिंगसाठी?

फाटक काका (बी-२०२): नाही, तीच तर गंमत. थोडं लांबलचक लिहितो, साने रागावतील.

फाटक काका (बी-२०२): १९२९ पासून एम-टाइप मिजेट म्हणून एक चिमुकली गाडी मिळायला लागली. ८४७ सीसीचं इंजिन. बॉडी म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवूड आणि वरून कापड ताणलेलं. किंमत १७५ पौंड. तोवर स्पोर्ट्स कार हा सरदार-जहागिरदारांचा खेळ होता. या गाडीमुळे ऑफिसात नोकरी करणारी पोरं त्यात आली. त्याच वर्षी कारखाना ऑक्सफर्डहून जवळच्या अॅबिंग्डन गावात एका चामड्याच्या कारखान्याच्या जागेत गेला. १९३० च्या सप्टेंबरमध्ये रॉय मार्श नावाच्या एका मालकाने गाड्यांच्या साप्ताहिकात पत्र टाकलं : आपण एमजीवाल्यांनी एकत्र येऊ या का? म्हणजे रोहन, तू आत्ता टाकलास तोच मेसेज. ऑक्टोबरमध्ये हर्टफर्डशरमधल्या रोबक नावाच्या एका खानावळवजा हॉटेलात मंडळी जमली. तिथे जॉन थॉर्नली हा २१ वर्षांचा, लंडनमध्ये अकाउंट्सची उमेदवारी करणारा मुलगा मानद सचिव झाला.

साने (सचिव, ए-१०१): मानद म्हणजे फुकट. मला सांगू नका.

इनामदार (सी-१०२): साने, तुम्हालाही कोणी कारखान्यात नोकरी देतं का बघा.

फाटक काका (बी-२०२): इनामदार, चेष्टेत बरोबर बोललात. क्लबच्या पत्रव्यवहारातून पोरगा किंबरच्या नजरेत आला आणि १९३१ मध्ये अॅबिंग्डनला सर्व्हिस खात्यात लागला. १९५२ मध्ये अख्ख्या कारखान्याचा जनरल मॅनेजर! १९६९ पर्यंत. ज्याने गिऱ्हाइकांची पत्रं वाचली, त्यांच्या तक्रारी ऐकल्या, त्याच्या हातात कारखाना आला. आपल्याकडे असं किती ठिकाणी झालंय सांगा.

पटवर्धन काकू (ए-३०३): आमची मुक्ता ऑक्सफर्डला असते. मागच्या वर्षी आम्ही गेलो होतो तेव्हा जावईबापूंनी अॅबिंग्डनला नेलं. क्लबचं ऑफिस कारखान्याच्या जुन्या जागेला लागूनच आहे. किंबर हाउस. आणि पत्ता काय, तर सिमेट्री रोड! आमचे हे म्हणाले, जुन्या गाड्यांना बरोबर जागा दिली.

इनामदार (सी-१०२): 😂 पी-१७ चंही तेच नाव ठेवू.

रोहन (सी-७०४): काका, पण तुम्हाला हे इतकं कसं माहीत? तुमच्याकडे तर अँबॅसिडर.

फाटक काका (बी-२०२): १९६६ मध्ये गिरगावात एका गॅरेजमध्ये उमेदवारीला होतो. वय सोळा. तिथे एका पारशी गृहस्थांची टीडी यायची. एमजी टीडी, पन्नास-एक्कावन सालची, हिरवी. त्यांना क्लबचं मासिक पोस्टाने यायचं, सेफ्टी फास्ट. ते १९५९ पासून निघतं, कंपनीचं जुनं घोषवाक्यच नावाला घेतलं. वाचून झालं की आमच्या वस्तादांना द्यायचे. इंग्रजी मला बेताचंच. आकृत्या पाहत बसायचो.

फाटक काका (बी-२०२): एकदा त्या टीडीचा एक बोल्ट आटे जाऊन निकामी झाला. वस्ताद म्हणाले, विलायती गाडी आहे, व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचा, पाना घे. पाना माथ्यावर चपखल बसला. म्हणून व्हिटवर्थचा नवा बोल्ट आणला, तर आत जाईना. मेट्रिक आणला, आठ एमएमचा. तो दीड फेरा गेला आणि अडकला. मला वाटलं माझंच चुकतंय, जोर लावला, आणि कानाखाली खाल्ली.

मृणाल (बी-५०१): मग?

फाटक काका (बी-२०२): मासिक शोधलं, जुने अंक उलटे-पालटे केले. झालं होतं असं, की मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीमधला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिनांचा कारखाना विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, त्यामुळे आटे मेट्रिकच पडायचे. पण इंग्लंडभर पाने व्हिटवर्थचे, म्हणून बोल्टचे माथे व्हिटवर्थच्या मापाचे केले. वर इंग्रज, आत फ्रेंच! आणि मेट्रिक तरी कुठलं, तर ८ एमएमला १ एमएमचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. बाजारात मिळतो तो सव्वाचा. टीडीच्या १२५० सीसी इंजिनातही तोच घोळ चालत आलेला. शेवटी आम्ही लेथवर बोल्ट करून घेतले. परदेशातून मागवायचे तर आयात परवान्याचं लफडं. क्लब म्हणजे सूट-टाय घालून चहा पिणं असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं, क्लब म्हणजे हा बोल्ट.

इनामदार (सी-१०२): पण काका, असे क्लब म्हणजे शेवटी पैसेवाल्यांचे चोचलेच. रविवारी पुसलेल्या गाड्या काढायच्या आणि फोटो काढायचे.

फाटक काका (बी-२०२): थोडे चोचले आहेतच, नाही कशाला म्हणू. पण सुरुवातीला पुसलेल्या वगैरे नव्हत्या. ट्रायल्स असायच्या, चिखलातल्या चढणीवर गाडी न थांबता चढवायची. थांबली की गुण गेले. मग शर्यती. १९५० पासून सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर क्लबची स्वतःची शर्यत भरते. आणि सगळ्यात मोठं काम कारकुनी. प्रत्येक मॉडेलचं वेगळं रजिस्टर. कुठल्या चॅसीची (म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, त्यावर नंबर असतो) गाडी आज कोणाकडे, इंजिन मूळचं की बदललेलं.

फाटक काका (बी-२०२): त्यात एक नोंद मला फार आवडते. अॅबिंग्डनला चॅसीचे नंबर १ पासून सुरू करत नसत. २५१ पासून. का सांगा?

मृणाल (बी-५०१): अडीचशे गाड्या विकल्यात असं दाखवायला?

साने (सचिव, ए-१०१): आहेराच्या पाकिटासारखा शुभ आकडा?

फाटक काका (बी-२०२): कारखान्याचा टेलिफोन नंबर होता. अॅबिंग्डन २५१.

पटवर्धन काकू (ए-३०३): अगंबाई! हे तिथे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

रोहन (सी-७०४): भारी. पण कारखाना तर बंद झाला ना?

फाटक काका (बी-२०२): हो, आणि कसा, ते ऐक. आधी किंबर गेला. १९४१ मध्ये कंपनीने त्याला काढलं, १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाजवळ गाडीच्या अपघातात वारला. रेल्वेगाडीच्या. पुढे विलीनीकरणं. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एक होऊन बीएमसी झाली...

इनामदार (सी-१०२): बीएमसी आली म्हणजे खड्डे आलेच.

फाटक काका (बी-२०२): ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन हो! १९६८ मध्ये तिचीही ब्रिटिश लेलँड झाली. नव्या साहेबांना क्लब म्हणजे फुकटचा खर्च. इतकी वर्षं कंपनीच्या मांडीवर बसलेल्या क्लबला त्यांनी खाली उतरवलं. बिचाऱ्यांना स्वतःच्या वर्गणीवर उभं राहावं लागलं. त्यात १९७३ मध्ये दुसरा क्लब निघाला, एमजी ओनर्स क्लब. रोज एमजीबी, म्हणजे एमजीची तेव्हाची खपाची स्पोर्ट्स कार, चालवणाऱ्यांना स्पेअर, विमा, दुरुस्तीचा सल्ला हवा होता. तो क्लब बघता बघता जुन्यापेक्षा मोठा झाला.

इनामदार (सी-१०२): म्हणजे त्यांच्याकडेही ‘ओन्ली ओनर्स’ असा वेगळा ग्रुप निघालाच. माणूस इथून तिथून सारखा.

साने (सचिव, ए-१०१): इनामदार, तो ग्रुप कोणी काढला हे मला माहीत आहे. इथे नको.

फाटक काका (बी-२०२): १९७९ च्या सप्टेंबरमध्ये अॅबिंग्डनला कारखाना येऊन पन्नास वर्षं झाली. गावात जल्लोष, मिरवणूक. तो आटोपतो न आटोपतो तोच सोमवारी, १० सप्टेंबरला, कंपनीने जाहीर केलं की इथे एमजी बनणं बंद होणार. आपल्या गिरणी कामगारांना असे सोमवार माहीत आहेत. क्लबवाले गाड्या घेऊन लंडनला मोर्चाने गेले, निवेदन दिलं. निवृत्त थॉर्नलीही धडपडले. अॅस्टन मार्टिनच्या लोकांनी कारखाना घेण्याचा प्रयत्न केला, जमलं नाही. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. अठरा वर्षांत पाच लाखांवर बनल्या होत्या, पुष्कळशा अमेरिकेत गेल्या.

मृणाल (बी-५०१): मग क्लब संपायला हवा होता खरं तर. बँड बंद पडला की फॅन क्लब बंद पडतो.

फाटक काका (बी-२०२): उलट झालं. पाच लाख गाड्या, आणि गंजणारं हवामान. त्यामुळे सुट्या भागांचा धंदाच उभा राहिला. १९८८ मध्ये तर जुन्या गाड्यांचे भाग पुरवणाऱ्या ब्रिटिश मोटर हेरिटेज कंपनीने एमजीबीचे जुने प्रेसचे साचे शोधून काढले आणि नवी कोरी बॉडी विकायला काढली. कारखाना बंद होऊन आठ वर्षं झाल्यावर! तुमच्या गंजलेल्या गाडीचं इंजिन, चाकं, सीट काढायची आणि नव्या सांगाड्यात बसवायची.

इनामदार (सी-१०२): मग ती गाडी जुनी की नवी?

फाटक काका (बी-२०२): त्यावर त्यांच्यात अजून भांडणं होत असतील. आपल्याला काय, रजिस्टरमध्ये खरं लिहिलं म्हणजे झालं.

रोहन (सी-७०४): काका, मनापासून विचारतो. माझी हेक्टर खरी एमजी का? त्या क्लबात मला घेतील?

फाटक काका (बी-२०२): मला विचारशील तर किंबरच्या गाडीशी तिचं नातं फक्त अष्टकोनाचं. २००५ मध्ये एमजी ज्यांच्याकडे होती ती रोव्हर कंपनी बुडाली तेव्हा नाव चीनमध्ये गेलं, तिथून हालोलला. तुला क्लबात नको म्हणणारा म्हातारा कुठेतरी असेलच, पण त्याच्या वडिलांच्या मिजेटलाही कोणीतरी म्हणालं असेल, ही कसली स्पोर्ट्स कार, मॉरिस मायनरच ती. खोटंही नव्हतं, इंजिन मायनरचंच होतं.

फाटक काका (बी-२०२): आणि रक्ताचंच नातं बघायचं तर पी-१७ वर बघ.

रोहन (सी-७०४): म्हणजे?

फाटक काका (बी-२०२): १९५५ मध्ये एमजीए निघाली. दोन माणसांची, बसकी, सुंदर. तिचं इंजिन बीएमसीचं बी-सीरिज, १४८९ सीसी. अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड हे सगळ्यांना माहीत असतं. पण १९५९ मध्ये हिंदुस्तान मोटर्सने तिला नवं इंजिन दिलं, ते हेच. बी-सीरिज, १४८९ सीसी. एमजीएला दोन एसयू कार्ब्युरेटर, आपल्या बिचारीला एक. तिला सत्तरच्या आसपास अश्वशक्ती, हिला पन्नास. बाकी ब्लॉक सख्ख्या भावंडांचा. माझी ७६ सालची मार्क थ्री आहे.

रोहन (सी-७०४): थांबा थांबा. म्हणजे सोसायटीतली सगळ्यात खरी एमजी ताडपत्रीखाली आहे आणि मी तिला हाकलतोय?

इनामदार (सी-१०२): साने, मिनिट्समध्ये घ्या.

पटवर्धन काकू (ए-३०३): फाटक भावजी, त्याच गाडीतून वहिनींना आणि निखिलला हॉस्पिटलमधून घरी आणलं होतंत ना? मला अजून आठवतं, मागच्या सीटवर दुलई घातली होती.

फाटक काका (बी-२०२): हो वहिनी. ती दुलई डिकीत आहे अजून.

साने (सचिव, ए-१०१): भावना समजतो. पण नियम सर्वांना सारखा. ३१ तारीख. गाडी चालू करून दाखवा, पीयूसी आणा, जागा तुमची.

फाटक काका (बी-२०२): दोन वर्षं सुरू केलेली नाही. गुडघ्यामुळे खाली वाकवत नाही.

रोहन (सी-७०४): काका, रविवारी मी येतो. जंप केबल आहे माझ्याकडे.

फाटक काका (बी-२०२): केबल नंतर. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढायचं, प्लग उघडायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं आणि इंजिन हाताने फिरवून बघायचं. हँडल आहे माझ्याकडे. तू सकाळी साडेसातला ये, जुना शर्ट घालून. आणि झाकणाची एक बादली आण, आमची हिने दिली नाही.

इनामदार (सी-१०२): मीही येतो. नुसता बघायला.

साने (सचिव, ए-१०१): पेट्रोल काढताना वॉचमनला विडी ओढू देऊ नका. वाळूची बादली मीटर रूमच्या बाहेर आहे. आणि रोहन, तुमचं वेटिंग लिस्टमधलं नाव ठेवू की काढू?

रोहन (सी-७०४): ठेवा सर. रविवारी कळवतो.